श्रीलंकेतील यादवी युद्ध (१९८३–२००९): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे युद्ध नेमकं कोणाकोणात झालं?

एका बाजूला श्रीलंकेचं सरकार आणि दुसऱ्या बाजूला लिट्टे, म्हणजे वेलुपिल्लई प्रभाकरन याची ‘लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम’. ही संघटना ५ मे १९७६ रोजी स्थापन झाली. देशाचा उत्तर आणि पूर्व भाग वेगळा करून ‘तमिळ ईलम’ हे राष्ट्र उभारायचं, हे तिचं ध्येय होतं. लढाई जुलै १९८३ मध्ये पेटली आणि मे २००९ मध्ये संपली.

पण एवढ्यावर थांबलं तर बळींपैकी बरेच जण हिशेबातच येत नाहीत. याच काळात तमिळ संघटनांनी एकमेकींची माणसं मारली. भारतीय सैन्य दोन वर्षांहून अधिक काळ लिट्टेशी लढलं. तमिळ बोलणाऱ्या मुस्लिमांना उत्तरेतून हाकलण्यात आलं. दक्षिणेत तर १९८७ ते १९८९ या काळात जेव्हीपी या सिंहली तरुणांच्या संघटनेने सिंहली सरकारविरुद्धच बंड केलं आणि ते सरकारने अत्यंत निर्दयपणे चिरडलं. ‘सिंहली विरुद्ध तमिळ’ हे वर्णन चूक नाही, पण अपुरं आहे.

चार ‘ईलम युद्धं’ म्हणतात ती कोणती?

पहिलं १९८३ ते १९८७, दुसरं १९९० ते १९९५, तिसरं १९९५ ते २००२ आणि चौथं २००६ ते २००९. दोन युद्धांच्या मधला काळ कराराचा किंवा युद्धबंदीचा होता. १९८७ ते १९९० या मधल्या खंडात लिट्टेची लढाई भारतीय शांतिसेनेशी चालू होती.

श्रीलंकेतले सगळे तमिळ एकच का?

नाही, आणि हा फरक कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही. १९८१ च्या जनगणनेनुसार सिंहली सुमारे ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ १२.७ टक्के, भारतीय वंशाचे तमिळ ५.५ टक्के आणि मुस्लिम ७ टक्क्यांच्या आसपास होते.

श्रीलंकन तमिळ उत्तर टोकाचं जाफना, त्याच्या दक्षिणेचा वन्नी प्रदेश आणि पूर्व किनारा इथे शतकानुशतकं राहत आलेले आहेत. भारतीय वंशाचे तमिळ म्हणजे इंग्रजांनी १९ व्या शतकात आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांसाठी तमिळनाडूतून नेलेले मजूर. ते मध्य डोंगराळ भागात राहतात. स्वातंत्र्य मिळाल्यावर काही महिन्यांतच, १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यांतल्या बहुतेकांना परकं ठरवलं आणि पाठोपाठ त्यांचा मताधिकारही गेला. १९६४ च्या सिरिमा-शास्त्री करारात ५ लाख २५ हजार लोक भारताने घ्यायचे आणि ३ लाख लोकांना श्रीलंकेने नागरिकत्व द्यायचं ठरलं. उरलेल्या दीड लाखांची वाटणी १९७४ मध्ये निम्मी-निम्मी झाली. ज्यांच्या पिढ्या मळ्यात गेल्या, त्यांना कुठे पाठवायचं हे दोन राजधान्यांत ठरलं, आणि त्यांना स्वतःला कोणी विचारलं नाही. वेगळ्या राष्ट्राच्या मागणीपासून मळ्यातल्या तमिळांचं मुख्य नेतृत्व दूरच राहिलं.

हे ‘हजारो वर्षांचं वैर’ होतं का?

नाही. जुन्या राजांच्या लढायांचे दाखले दोन्हीकडच्या प्रचारकांनी पुष्कळ दिले, पण या युद्धाची कारणं बहुतेक १९४८ नंतरची आहेत आणि ती तारखांसकट दाखवता येतात.

इंग्रजी राजवटीत जाफना भागात मिशनऱ्यांच्या शाळा लवकर आणि दाट पसरल्या. तिथली जमीन कोरडी, पाऊस कमी, त्यामुळे इंग्रजी शिकून सरकारी नोकरी धरणं हा तिथल्या घरांचा मुख्य आधार झाला. परिणामी कारकुनी, डॉक्टरी, इंजिनिअरिंग अशा क्षेत्रांत तमिळांचं प्रमाण लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. सिंहली खेड्यांतल्या शिकलेल्या तरुणांना ते खुपत होतं आणि त्यांची तक्रार पूर्णपणे निराधारही नव्हती. इंग्रजीची मक्तेदारी मोडायलाच हवी होती. पण १९५६ मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांनी निवडणूक जिंकून ती मोडली, ती फक्त सिंहलीला राजभाषा करून. सरकारी नोकरीत टिकायचं तर तमिळ कर्मचाऱ्याला सिंहली शिकणं भाग पडलं. तमिळ माणसाला कचेरीतून आपल्या भाषेत उत्तर मिळेना.

समझोत्याचे प्रयत्न झालेच नाहीत का?

पुष्कळ झाले. या युद्धाचं मूळ कारण शोधायचं असेल तर ते मोडलेल्या करारांच्या या यादीत शोधावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुलै १९५७ मध्ये पंतप्रधान बंदरनायके आणि तमिळ नेते एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी करार केला. प्रादेशिक परिषदा स्थापायच्या, तमिळला अल्पसंख्याकांची भाषा म्हणून मान्यता द्यायची, उत्तर आणि पूर्वेत कारभार तमिळमध्ये चालवायचा आणि तिथल्या सरकारी वसाहत योजनांवर परिषदांना अधिकार द्यायचे, असा त्याचा गाभा होता. वेगळं राष्ट्र तेव्हा कोणी मागत नव्हतं. विरोधी पक्ष यूएनपीचे (युनायटेड नॅशनल पार्टी) नेते जे. आर. जयवर्धने यांनी या कराराविरुद्ध कँडीला पदयात्रा काढली. एप्रिल १९५८ मध्ये बौद्ध भिक्षू पंतप्रधानांच्या घरासमोर ठाण मांडून बसले आणि बंदरनायके यांनी करार रद्द केला. पुढच्याच महिन्यात देशभर तमिळांविरुद्ध दंगली झाल्या. दुसऱ्या वर्षी, सप्टेंबर १९५९ मध्ये, बंदरनायके यांचाच एका भिक्षूने गोळ्या घालून खून केला.

१९६५ मध्ये यूएनपीचे डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी जिल्हा परिषदांचा करार केला. आता बंदरनायके यांचा पक्ष विरोधात होता, म्हणून त्याने विरोध केला आणि तोही करार बारगळला. ऑगस्ट २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा यांनी सत्ता विभागणारा राज्यघटनेचा मसुदा मांडला, तेव्हा विरोधी सदस्यांनी त्याच्या प्रती संसदेतच जाळल्या.

प्रत्येक वेळी घडलं तेच. सिंहली मतांसाठी दोन मोठे पक्ष एकमेकांशी भिडलेले. सत्तेत असलेला पक्ष तमिळांना काही द्यायला निघाला की विरोधातला पक्ष ‘देश विकला’ म्हणून रस्त्यावर उतरायचा, आणि सत्ता बदलली की भूमिकांची अदलाबदल व्हायची. अशाने मवाळ तमिळ नेते स्वतःच्या लोकांसमोर दरवेळी रिकाम्या हाताने परतले.

तमिळ तरुणांनी शस्त्रं कधी आणि का उचलली?

१९७० च्या दशकात. त्यामागे नोकरी-शिक्षणाचं कारण अगदी थेट होतं. १९७१ च्या सुमारास विद्यापीठ प्रवेशासाठी ‘प्रमाणीकरण’ आलं. मेडिकलला तमिळ माध्यमाच्या विद्यार्थ्याला २५० गुण लागत, तर सिंहली माध्यमाच्या विद्यार्थ्याला २२९ पुरत. ज्या समाजाने सगळी भिस्त शिक्षणावर ठेवली होती, त्याच्या बारावीतल्या मुलांना हा घाव थेट बसला. १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं.

जुलै १९७५ मध्ये जाफनाचे महापौर आल्फ्रेड दुरैअप्पा यांची हत्या झाली. प्रभाकरनने केलेला हा पहिला मोठा खून, आणि मारला गेलेला माणूस तमिळ होता. मे १९७६ मध्ये मवाळ पक्षांच्या आघाडीने वड्डुकोड्डै इथे वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला. १९७७ च्या निवडणुकीत या आघाडीला १८ जागा मिळाल्या आणि ती संसदेतला प्रमुख विरोधी पक्ष बनली. १९७९ च्या दहशतवाद प्रतिबंधक कायद्याने खटल्याविना १८ महिने डांबून ठेवण्याची मुभा दिली.

मग १९८१ च्या मे महिन्याची अखेर आली. जिल्हा विकास परिषदांच्या निवडणुकीचे दिवस होते आणि जाफनात बाहेरून आणलेले पोलीस तैनात होते. ३१ मेच्या रात्री सुरू झालेल्या जाळपोळीत जाफनाचं सार्वजनिक वाचनालय भस्मसात झालं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रांवरच्या हस्तलिखितांचा ठेवा राख झाला. या एका रात्रीने जे काम केलं ते शंभर पत्रकांनी झालं नसतं.

जुलै १९८३ मध्ये काय झालं?

२३ जुलैच्या रात्री जाफनाजवळच्या तिरुनेलवेली इथे लिट्टेने लष्करी गस्तीवर सुरुंग लावून हल्ला केला. १३ सैनिक मेले. सरकारने मृतदेह त्यांच्या गावी न पाठवता सगळ्यांचे अंत्यविधी एकत्र, कोलंबोच्या कनत्ते स्मशानभूमीत करायचं ठरवलं. २४ तारखेला संध्याकाळी तिथे हजारोंचा जमाव जमला, मृतदेह यायला उशीर होत गेला आणि जमाव बिथरला. जवळच्या बोरेला भागातून जाळपोळ सुरू झाली.

पुढच्या काही दिवसांत जे झालं त्याला निव्वळ दंगल म्हणता येत नाही. हल्लेखोरांच्या टोळ्या हातात मतदार याद्या घेऊन तमिळांची घरं आणि दुकानं शोधत होत्या. अनेक ठिकाणी पोलीस आणि सैनिक बघत उभे राहिले. वेलिकडा तुरुंगात २५ आणि २७ जुलैला सिंहली कैद्यांनी ५३ तमिळ कैद्यांना ठार केलं, तेही सरकारच्या कोठडीत. मृतांचा सरकारी आकडा चारशेच्या आत राहिला, तर इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. त्याच वेळी असंख्य सिंहली शेजाऱ्यांनी तमिळ कुटुंबांना जीव धोक्यात घालून घरात लपवलं, हेही तितकंच खरं.

राष्ट्राध्यक्ष जयवर्धने २८ जुलैला दूरचित्रवाणीवर बोलले. त्या भाषणात बळींसाठी सहानुभूतीचा शब्द नव्हता. ऑगस्टमध्ये घटनेत सहावी दुरुस्ती झाली आणि वेगळ्या राष्ट्राचा पुरस्कार न करण्याची शपथ सक्तीची झाली. तमिळ खासदारांनी ती नाकारली आणि त्यांच्या जागा गेल्या. संसदेतला मार्ग असा बंद झाला. त्याआधी ज्या संघटनांत मोजकी माणसं होती, त्यांच्याकडे हजारो तरुणांची रीघ लागली.

भारत यात कसा ओढला गेला?

तीन टप्प्यांत. १९८३ नंतर हजारो निर्वासित पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत आले. भारताने एकीकडे मध्यस्थी केली आणि दुसरीकडे तमिळ संघटनांना गुपचूप प्रशिक्षण आणि शस्त्रं दिली. कोलंबोवर दबाव राहावा, पण देश फुटू नये, असा हेतू होता. प्रशिक्षण दिलेल्यांना फक्त पहिला भाग हवा आहे असं भारताने गृहीत धरलं, आणि तिथेच चूक झाली.

१९८७ च्या मे-जूनमध्ये श्रीलंकेच्या सैन्याने वडमराच्ची भागात मोठी मोहीम काढली आणि जाफनाची कोंडी झाली. भारताने पाठवलेल्या बोटी अडवल्या गेल्यावर ४ जूनला पाच एएन-३२ विमानांनी मिराज विमानांच्या संरक्षणात जाफनावर धान्य आणि औषधं टाकली. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. ठरलं ते असं: श्रीलंकेने प्रांतिक परिषदा द्यायच्या, तमिळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि भारतीय शांतिसेनेने त्यावर देखरेख करायची. दुसऱ्या दिवशी मानवंदना स्वीकारताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला.

मग शांतिसेना लढाईत कशी उतरली?

करारावर लिट्टेची सही नव्हती. तिने थोडी शस्त्रं दिली, बाकीची दडवली. सप्टेंबरमध्ये लिट्टेचा थिलीपन पाण्याचा थेंबही न घेता उपोषण करून मेला आणि जाफनाचं जनमत भारताविरुद्ध गेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने लिट्टेचे १७ जण समुद्रात पकडले. कोलंबोने त्यांना आपल्याकडे न्यायचा हट्ट धरला, भारत तो रोखू शकला नाही, आणि त्यांनी सायनाइड खाल्लं. १२ जण मेले. काही दिवसांतच जाफना लिट्टेकडून घेण्यासाठी शांतिसेनेचं ‘ऑपरेशन पवन’ सुरू झालं.

जाफना विद्यापीठावर हेलिकॉप्टरने उतरलेली शीख लाइट इन्फंट्रीची ३० जणांची तुकडी जवळपास पूर्ण कापली गेली, एकच जवान जिवंत राहिला. लिट्टेला बेत आधीच कळला होता. गल्लीबोळांची लढाई, जागोजागी पेरलेले सुरुंग, नकाशांची टंचाई आणि साध्या कपड्यांतला शत्रू, यासाठी फौज तयार नव्हती. जाफना पडलं, पण नागरिकांचे बळी गेले. २१ ऑक्टोबरला जाफनाच्या सरकारी रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. तिथल्या लोकांच्या मनात ही जखम अजून ताजी आहे आणि आपण भारतीयांनी ती नाकारू नये.

या मोहिमेतलं एकमेव परमवीर चक्र मुंबईत जन्मलेल्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मिळालं. ते महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपलं आणि शेवटच्या श्वासापर्यंत तुकडीला आदेश देत राहिले.

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी शांतिसेनेला जायला सांगितलं आणि ती जावी म्हणून लिट्टेला शस्त्रंही पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली. तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान मारले गेले होते. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर इथे लिट्टेच्या मानवी बॉम्बने राजीव गांधींची हत्या केली. १ मे १९९३ रोजी प्रेमदासाही तसेच मारले गेले.

लिट्टे तमिळांची एकमेव संघटना कशी बनली?

बाकीच्यांना संपवून. १९८६ च्या एप्रिल-मेमध्ये टेलो या संघटनेचा नेता श्री सबारत्नम आणि त्याचे शेकडो साथीदार लिट्टेने मारले. १९८९ मध्ये मवाळ नेते अमिर्तलिंगम यांना कोलंबोतल्या घरी गोळ्या घातल्या. १९९९ मध्ये घटनातज्ज्ञ नीलन तिरुचेल्वम यांना बॉम्बने उडवलं. तडजोडीचा मसुदा लिहू शकणारी माणसं अशी वेचून मारली गेली.

ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तरेतल्या ७० हजारांहून अधिक मुस्लिमांना हाकललं. जाफना शहरात त्यांना निघायला दोन तास दिले आणि घर, दागिने, रोकड मागेच ठेवायला लावली. त्याआधी ऑगस्टमध्ये कात्तनकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक लोकांना मारलं होतं. स्वतःवरच्या अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीने हे केलं, म्हणून ते जास्त सलतं.

एवढ्या मोठ्या सैन्यापुढे ती २५ वर्षं कशी टिकली?

पैसा, जहाजं आणि शिस्त. १९८३ नंतर कॅनडा, ब्रिटन, युरोपात गेलेल्या तमिळांकडून वर्गणी येई, काही स्वखुशीने तर काही दमदाटीने. ताब्यातल्या भागात लिट्टेचे स्वतःचे कर, न्यायालयं आणि पोलीस होते. परदेशी झेंडे लावलेली मालवाहू जहाजं शस्त्रं घेऊन खोल समुद्रात थांबत आणि ‘सी टायगर्स’च्या छोट्या बोटी रात्रीतून माल किनाऱ्याला लावत. जुलै १९९६ मध्ये मुल्लैत्तीवूचा लष्करी तळ तिने घेतला, तेव्हा हजाराहून अधिक सैनिक मेले. एप्रिल २००० मध्ये जाफना द्वीपकल्पाचं प्रवेशद्वार असलेला एलिफंट पास पडला.

कमतरता एकच होती, माणसांची. ती भरून काढायला घरटी एक मूल मागितलं गेलं आणि शाळकरी मुलं-मुली नेली गेली.

२००२ ची युद्धबंदी का मोडली?

२२ फेब्रुवारी २००२ रोजी नॉर्वेच्या मध्यस्थीने ती झाली. नॉर्डिक देशांच्या निरीक्षकांकडे उल्लंघनांची नोंद करण्याचं काम होतं, शिक्षा करण्याचा अधिकार नव्हता. मुख्य राजकीय प्रश्न पुढे ढकलले गेले. एप्रिल २००३ मध्ये लिट्टे चर्चेतून उठली. मार्च २००४ मध्ये तिचा पूर्वेकडचा सेनापती करुणा हजारो लढवय्ये घेऊन फुटला. ऑगस्ट २००५ मध्ये परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कादिरगामर, जे स्वतः तमिळ होते, मारले गेले. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीवर लिट्टेने तमिळांना बहिष्कार घालायला लावला, आणि महिंदा राजपक्षे सुमारे १ लाख ८१ हजार मतांनी जिंकले. तमिळांनी मतदान केलं असतं तर निकाल बहुधा उलटा लागला असता.

शेवटी सरकार का जिंकलं?

जुलै २००६ मध्ये लिट्टेने त्रिंकोमाली जिल्ह्यातल्या माविल आरू कालव्याचे दरवाजे बंद करून हजारो शेतकऱ्यांचं पाणी तोडलं. तिथून चौथं युद्ध पेटलं. करुणाच्या फुटीमुळे पूर्व भाग वर्षभरात सरकारच्या हाती आला. सप्टेंबर-ऑक्टोबर २००७ मध्ये नौदलाने लिट्टेची शस्त्रवाहू जहाजं दूर समुद्रात गाठून बुडवली, आणि रसद तुटली. आमच्या मते युद्धाचा निकाल इथेच लागला. कॅनडा आणि युरोपीय संघाने २००६ मध्ये बंदी घातल्याने पैसाही आटला. सैन्यात प्रचंड भरती झाली, छोट्या तुकड्या जंगलात आत घुसू लागल्या आणि सगळ्या आघाड्यांवर एकदम दाब आला. २ जानेवारी २००९ रोजी लिट्टेच्या कारभाराचं केंद्र असलेलं किलिनोच्ची पडलं.

शेवटच्या महिन्यांत नागरिकांचं काय झालं?

सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना वन्नीतून बाहेर काढलं, त्यामुळे बाहेरचे साक्षीदार फारसे उरले नाहीत. जानेवारीपासून सरकारने एकामागून एक ‘गोळीबारमुक्त क्षेत्रं’ जाहीर केली, लोक तिथे जमले आणि त्याच पट्ट्यांवर तोफगोळे पडले. रुग्णालयांवरही पडले. लिट्टेने लोकांना ढालीसारखं अडकवून ठेवलं आणि पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. शेवटी नंदिकडल खाजण आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर लाखभर माणसं कोंबली गेली. १८-१९ मेला प्रभाकरन मेला आणि युद्ध संपलं. वाचलेल्या सुमारे पावणेतीन-तीन लाख लोकांना काटेरी कुंपणाच्या छावण्यांत ठेवलं, त्यातली सगळ्यात मोठी मेनिक फार्म.

मृतांचे आकडे इतके वेगवेगळे का?

संपूर्ण युद्धासाठी ८० हजार ते १ लाख हा अंदाज सर्वाधिक दिला जातो. अखेरच्या टप्प्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने २०११ मध्ये ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात असं म्हटलं, तर सरकारने तो आकडा फेटाळला. कोणताही आकडा वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: काळ कोणता, सैनिक धरलेत का आणि बेपत्ता धरलेत का.

आता परिस्थिती काय आहे?

१९८७ च्या कराराने आलेली १३ वी घटनादुरुस्ती कागदावर आहे, पण पोलीस आणि जमीन यांचे अधिकार प्रांतांना प्रत्यक्षात मिळाले नाहीत. उत्तर प्रांताच्या परिषदेची पहिली निवडणूक २०१३ मध्ये झाली आणि तिची मुदत २०१८ मध्ये संपली. लष्कराने घेतलेल्या जमिनींचा बराच भाग परत दिला गेला, सगळा नाही. तमिळनाडूतल्या छावण्यांत हजारो निर्वासित आजही राहतात, आणि २०१९ च्या भारतीय नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात त्यांचा समावेश नाही. बेपत्तांचा शोध घेणारं सरकारी कार्यालय आहे, तरी कुटुंबांना उत्तरं मिळालेली नाहीत. लष्कराच्या हाती मुलं सोपवताना ज्यांनी स्वतः पाहिलं, त्या आया फेब्रुवारी २०१७ मध्ये किलिनोच्चीत रस्त्याकडेला मुलांचे फोटो घेऊन धरण्याला बसल्या. त्यांतल्या कित्येक जणी उत्तर न मिळताच वारल्या.